केईएक्सपी: गाण्याआधी नाव सांगणारे सिएटलचे रेडिओ केंद्र

आमच्या घरी आकाशवाणी दिवसभर चालू असे, त्यामुळे गाण्याच्या आधी नावे ऐकायची सवय मला शाळेत जाण्यापूर्वीच लागली. गीत कोणाचे, संगीत कोणाचे, स्वर कोणाचा, हे निवेदिका सांगायची, मग क्षणभर शांतता आणि मग गाणे सुरू व्हायचे. ‘आपली आवड’मध्ये तर फर्माईश पाठवणाऱ्या श्रोत्यांची आणि त्यांच्या गावांची नावेही वाचली जात, आणि आम्ही भावंडे आपल्या तालुक्याचे नाव येते का म्हणून कान देऊन बसत असू. एका गाण्यामागे चार-पाच माणसे असतात, ती कुठेतरी राहतात आणि त्यांना नावे असतात, ही समज मला त्या रेडिओने दिली. पुढे मोबाइलवर गाणी ऐकायला लागल्यावर ही समज हळूहळू बोथट होत गेली, कारण एक गाणे संपण्याच्या आत दुसरे सुरू होते आणि ते कोणाचे हे पाहण्यासाठी आपल्याला मुद्दाम फोन हातात घ्यावा लागतो, जे स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना कोणी करत नाही.

नवे, स्वतंत्रपणे काम करणारे कलाकार आणि त्यांचे ताजे व्हिडिओ शोधण्यासाठी मी गेली काही वर्षे ज्या ठिकाणी नियमाने जाते, त्या केईएक्सपीची शिफारस मी मनापासून करते, आणि त्याचे पहिले कारण हेच आहे की तिथे नावे सांगितली जातात.

केईएक्सपी हे अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहरातील रेडिओ केंद्र आहे. 1972 मध्ये तिथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘केसीएमयू’ या नावाने ते सुरू केले तेव्हा त्याची ताकद केवळ 10 वॅट होती, म्हणजे शहराचा एखादाच भाग ते धड ऐकू शकला असता. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या मदतीने केंद्राला नवे रूप आणि आजचे नाव मिळाले, 2016 मध्ये ते सिएटल सेंटर या सार्वजनिक परिसरातील स्वतःच्या नव्या जागेत स्थिरावले आणि 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातही त्याचे प्रसारण सुरू झाले. सिएटलमधून पुढे जगभर गेलेल्या अनेक वाद्यवृंदांचा या केंद्राशी अगदी सुरुवातीच्या काळातला संबंध आहे. ‘साउंडगार्डन’ या रॉक वृंदाचे गिटारवादक किम थायिल इथे निवेदक होते, ‘सब पॉप’ या प्रसिद्ध स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनीचे दोन्ही संस्थापकही इथे गाणी लावत असत, आणि ‘निर्वाणा’ या वृंदाचे गायक कर्ट कोबेन यांनी आपली पहिली तबकडी स्वतः केंद्रात नेऊन दिली होती असे आजही सांगितले जाते. (किम थायिल यांचे आईवडील केरळचे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) हे केंद्र मुख्यतः श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. प्रायोजकांचा थोडक्यात उल्लेख होतो, पण गाण्याच्या मध्ये ओरडून काही विकणारी जाहिरात येत नाही.

आपल्यासारख्या दूरच्या रसिकांपर्यंत हे केंद्र पोहोचते ते मात्र त्याच्या यूट्यूब चॅनेलमुळे. जगभरातून दौऱ्यावर आलेले कलाकार केंद्राच्या स्टुडिओत येऊन साधारण तीन ते पाच रचना सलग सादर करतात, आणि हे सादरीकरण एकेका गाण्याच्या स्वतंत्र व्हिडिओच्या आणि सोबत ‘फुल परफॉर्मन्स’ म्हणजे संपूर्ण बैठकीच्या स्वरूपात प्रकाशित होते. माझा आग्रह असा की, सुटे गाणे पाहू नये, संपूर्ण बैठकच पाहावी. अर्ध्या तासाच्या त्या व्हिडिओत मंद प्रकाशातला स्टुडिओ असतो, मागे दिव्यांच्या माळा असतात आणि कॅमेरा वादकांच्या बोटांच्या अगदी जवळ जातो. दोन गाण्यांच्या मधली तार जुळवण्याची वेळ, घोटभर पाणी पिणे, ढोलवादकाने गिटारवादकाकडे पाहून मान हलवणे, हे बऱ्याचदा तसेच ठेवलेले असते. ज्या कलाकाराचे आपण यापूर्वी नावही ऐकलेले नाही, त्याची पारख करायची तर ही मधली मिनिटे फार उपयोगाची असतात, कारण लाखो रुपये खर्चून केलेल्या चकचकीत व्हिडिओमध्ये ज्या उणिवा झाकता येतात त्या इथे झाकता येत नाहीत. गायिकेला तो वरचा सूर खरोखरच लागतो का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. आपल्याकडे मैफलीत अगदी पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना हेच सुख मिळत असते.

व्हिडिओखालचा मजकूर नक्की वाचावा. तो रूक्ष असतो आणि म्हणूनच मला आवडतो. कलाकाराचे नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, रचनांची यादी, मग प्रत्येक वादकाचे नाव आणि त्याचे वाद्य, त्याखाली निवेदक, ध्वनिअभियंता, कॅमेरे सांभाळणारी माणसे आणि संकलक. केव्हिन सग्ज हे ध्वनिअभियंत्याचे नाव इतक्या व्हिडिओंखाली मी वाचले आहे की, एखाद्या ध्वनिमुद्रणात ढोलाचा आवाज स्वच्छ आणि तरीही भरदार वाटला तर मी आधी त्यांचे नाव शोधते. आकाशवाणीच्या निवेदिकेने मला लावलेली सवय इतक्या वर्षांनी आणि इतक्या दूर अशी उपयोगी पडते आहे, याचा मला आनंद वाटतो.

एका बैठकीबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे मी काय म्हणते ते स्पष्ट होईल. ‘दाखाब्राखा’ हा युक्रेनमधील कीव्ह शहरातला चौघांचा वृंद, 2004 मध्ये तिथल्या ‘दाख’ या नाट्यसंस्थेतून जन्मलेला. त्यांची केईएक्सपीवरील 2017 मधील बैठक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्यांच्याविषयी काहीही माहीत नव्हते. तीन स्त्रिया आणि एक पुरुष एका ओळीत बसलेले, स्त्रियांच्या डोक्यावर हातभर उंच काळ्या लोकरी टोप्या, गळ्यात मण्यांच्या माळा. हाताशी ढोल आहेत, ॲकॉर्डियन आहे आणि एक चेलो आहे, जो कधी गजाने वाजतो आणि कधी बोटांनी छेडला जाऊन खर्जाचे काम करतो. गाणी युक्रेनच्या खेड्यांतली, पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी गायलेली, आणि गाण्याची रीत गळा मोकळा सोडून, छातीतून आवाज फेकण्याची, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल अशी. एक आवाज सुरू होतो, त्यावर दुसरा चढतो, मग ढोलाची एकसारखी लय खालून वर येते आणि गाणे कुठल्या काळातले आहे हे ओळखता येईनासे होते. मला त्या भाषेतला एक शब्दही कळत नव्हता. तरीही ती बैठक संपल्यावर मी जात्यावरच्या ओव्या पुन्हा ऐकायला काढल्या. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेला लाखाहून अधिक ओव्यांचा ठेवा आज ‘परी’ या ऑनलाइन संग्रहातून सर्वांसाठी खुला आहे. या ओव्यांना कोणी असा ढोल, असा चेलो आणि असा आदर दिला तर काय होईल, हा विचार तेव्हापासून माझा पाठलाग करतो आहे.

दुसरे उदाहरण एम्दू मोक्तार यांचे. नायजर देशातील तुआरेग जमातीचे हे डावखुरे गिटारवादक आज जगभर वाजवतात, पण त्यांची सुरुवातीची गाणी पसरली ती सहारा आणि पश्चिम आफ्रिकेतील मोबाइलच्या मेमरी कार्डांमधून, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जात जात. हे वाचले तेव्हा मला आमच्या एसटी स्टँडसमोरचे मोबाइलचे दुकान आठवले, जिथे दहा-वीस रुपयांत कार्डात गाणी ‘भरून’ मिळत आणि दुकानदार ‘कसली भरू ताई, भक्ती का डीजे?’ असे विचारून मान वर न करता कामाला लागे. त्या कार्डांमधून खानदेशी आणि विदर्भातील किती गायक घरोघर गेले असतील आणि त्यांतल्या किती जणांचे नाव फाइलवर लिहिलेले असेल? एम्दू मोक्तार यांना शोधणारे, त्यांचे नाव विचारणारे आणि नंतर त्यांना स्टुडिओत बसवणारे कोणीतरी होते, हाच काय तो फरक.

नव्या कलाकारासाठी अशा एका चित्रीकरणाचे मोल किती असू शकते, याचा दाखला आइसलँडच्या ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’ या वृंदाचा आहे. 2010 च्या ‘आइसलँड एअरवेव्ह्ज’ महोत्सवाच्या वेळी केईएक्सपीच्या चमूने रेक्याविकमधल्या एका घराच्या दिवाणखान्यात त्यांचे एक गाणे चित्रित केले, तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही आलेला नव्हता. कोचावर आणि जमिनीवर दाटीवाटीने बसलेली ती तरुण मुले पुढे दोन वर्षांत अमेरिकेच्या मोठमोठ्या मंचांवर गेली. सगळे श्रेय त्या एका व्हिडिओचे नाही हे खरे, पण कोणाला आधी ऐकू आले याला महत्त्व असतेच.

आता हे केंद्र रेडिओ म्हणून कसे वापरावे, याविषयी. संकेतस्थळावर आणि ॲपवर चोवीस तास थेट प्रसारण ऐकता येते, आणि मागच्या दोन आठवड्यांचे कार्यक्रम साठवलेले असतात. प्रत्येक गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, कंपनी आणि वर्ष हे त्या क्षणी पडद्यावर येते, आणि पुष्कळदा निवेदकाने त्याखाली दोन-चार ओळींची टीपही लिहिलेली असते, जसे हा कलाकार मूळचा कुठला, हे गाणे कोणत्या आठवणीतून आले, पुढचा कार्यक्रम कुठे आहे. सिएटल आपल्या साडेबारा तास मागे, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असल्यामुळे तिथले सकाळी सातचे प्रसारण आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला किंवा साडेआठला पडते. तिथे लोक कामावर निघतात तेव्हा माझ्या घरी पोळ्या चालू असतात. सकाळचा कार्यक्रम वर्षानुवर्षे करणारे जॉन रिचर्ड्‌स श्रोत्यांच्या दुःखांबद्दल, आपल्या आईच्या मृत्यूबद्दल इतक्या साधेपणाने बोलतात आणि ‘तुम्ही एकटे नाही’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारतात की, सुरुवातीला मला ते जरा जास्तच वाटले होते. एका वाईट संध्याकाळी तेच वाक्य फार उपयोगी पडले, तेव्हापासून मी त्याविषयी तक्रार करत नाही. आठवड्यात हिपहॉप, लॅटिन अमेरिकी संगीत, रेगे आणि जगभरातील लोकसंगीत यांसाठी वेगवेगळे कार्यक्रम आहेत, आणि ‘ऑडिओएसिस’ हा शनिवारी संध्याकाळचा कार्यक्रम तर केवळ त्या भागातील स्थानिक कलाकारांना वाहिलेला आहे.

हे सगळे माणसे निवडतात, आणि ते ऐकताना लगेच जाणवते. एका प्रसिद्ध ॲपवर मी एकदा अभंगाची एक नवी, गिटारच्या साथीने केलेली मांडणी दोनदा ऐकली, तर पुढचे तीन आठवडे ते ॲप मला लग्नाच्या वरातीची रिमिक्स गाणी देत राहिले, कारण त्याच्या हिशेबात दोन्हींवर ‘मराठी’ अशी एकच चिठ्ठी लावलेली होती. त्याच ॲपने एका मराठी कवी-गायकाच्या पानावर त्याच नावाच्या कोणा भलत्याच माणसाची इंग्रजी गाणी चढवली होती. मी कळवले, यांत्रिक उत्तर आले आणि गाणी तिथेच राहिली. अशा अनुभवानंतर, हे गाणे मी का लावले ते आपल्या आवाजात सांगणारा निवेदक भेटला की माणूस सुखावतो. त्याची निवड पटली नाही तर ती कोणाची होती हे तरी माहीत असते, आणि दोन-तीन महिन्यांत कोणत्या निवेदकाशी आपली आवड जुळते तेही कळून येते.

उणिवाही सांगायला हव्यात. केईएक्सपीचा जीव अजूनही गिटारवर जडलेला आहे. आठवड्याभराचे नवे व्हिडिओ पाहिले तर गिटार, बेस आणि ड्रम घेतलेले चार तरुण बरेच वेळा दिसतात, आणि त्यातले दोन-तीन वृंद एकमेकांपासून वेगळे ओळखता येणे मला तरी कठीण जाते. भारतीय संगीत तिथे क्वचितच भेटते. इंग्रजीव्यतिरिक्त भाषांतील गाण्यांचे शब्द किंवा अर्थ सहसा दिलेले नसतात, त्यामुळे दाखाब्राखाच्या गाण्यात नेमके काय म्हटले आहे ते मला नंतर इतरत्र शोधावे लागले. बैठकीत कलाकारांशी होणाऱ्या मुलाखतींचा दर्जा कमी-जास्त होतो. शेरिल वॉटर्स यांच्यासारख्या अनुभवी निवेदिका दोनच प्रश्नांत कलाकाराला बोलते करतात, पण काही वेळा प्रश्न कौतुकाच्या पलीकडे जातच नाहीत. शिवाय चॅनेलवर व्हिडिओंचा ढीग एवढा आहे की, नवख्याने कुठून सुरुवात करावी हे त्याला तिथे सहज उमगणार नाही.

तुलना अपरिहार्यपणे राजधानी वॉशिंग्टनच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या ‘टायनी डेस्क’शी होते. 2008 मध्ये एका कार्यालयातील टेबलामागे सुरू झालेल्या त्या मालिकेची कीर्ती आज केईएक्सपीपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि कंपनीशी करार नसलेल्या कलाकारांसाठी ते दरवर्षी घेत असलेली व्हिडिओ स्पर्धा ही खरोखर मोलाची गोष्ट आहे. 2016 मध्ये ती जिंकणाऱ्या गेलिन ली व्हायोलिन आपल्या शरीराला मानवेल अशा पद्धतीने, चेलोसारखे उभे धरून वाजवतात, आणि या स्पर्धेवाचून त्या मला कधी भेटल्या असत्या असे वाटत नाही. परंतु टायनी डेस्कच्या मुख्य मालिकेत आता नामांकित गायकही मोठ्या संख्येने येतात. अनोळखी नाव भेटण्याची शक्यता मला केईएक्सपीवर अधिक वाटते, आणि ध्वनीच्या बाबतीत तर माझे मत निःसंशय केईएक्सपीच्या बाजूने आहे.

मराठी कलाकार इथे सापडतील या अपेक्षेने मात्र जाऊ नये. ते आपापल्या यूट्यूब चॅनेलवर आहेत आणि त्यांना तिथेच गाठावे लागते. अमरावतीचा हण्ड्रेड-आरबीएच वऱ्हाडी वळणाचे रॅप करतो, जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे 2024 मधील गाणे लग्नाच्या मांडवापासून परदेशापर्यंत वाजले, मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप समूहाने 2019 मध्ये आरेतील प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली लोकांच्या लढ्यावर गाणे केले. 2010 मध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा आपल्या शहरात स्वतःची गाणी करणारी इतकी मुले आहेत हे पाहून मी चकित झाले होते. या सगळ्यांचे व्हिडिओ उत्तम असतात, पण त्यांपैकी एखाद्याची अर्धा तास सलग, काहीही न लपवता, चांगल्या ध्वनिमुद्रणासह केलेली आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव खाली लिहिलेली बैठक मला हवी आहे. आकाशवाणीकडे स्टुडिओ आहेत, माईक आहेत आणि नाव उच्चारण्याची परंपराही आहे. पुणे किंवा नागपूर केंद्राने महिन्यातून एक बैठक अशी चित्रित करून प्रकाशित केली तर मी पहिल्या दिवशी ती ऐकायला बसेन.

केईएक्सपी पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी हेडफोन लावून दाखाब्राखापासून सुरुवात करावी. त्यानंतर एम्दू मोक्तार, आणि मग तुर्की लोकगीतांना विजेच्या वाद्यांची जोड देणारा ॲमस्टरडॅमचा ‘आल्तिन ग्यून’. एखादा कलाकार आवडला की, तिथेच न थांबता त्याचे ‘बँडकॅम्प’वरचे पान उघडावे. तिथे अल्बम विकत घेतला तर रकमेतला मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो, आणि पुष्कळ जण ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ असे म्हणून किंमत ऐकणाऱ्यावर सोडतात. मी महिन्याला एक अल्बम घेते, साधारण दोन माणसांच्या बाहेरच्या जेवणाच्या खर्चात. आणि रविवारी सकाळी लवकर जाग आलीच, तर चहा ठेवता ठेवता ‘ऑडिओएसिस’ लावून पाहावे. सिएटलमध्ये तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते आणि निवेदक त्यांच्या गल्लीतल्या कुठल्यातरी नव्या वृंदाचे नाव, तो कुठल्या उपनगरातला आणि आज रात्री कुठे वाजवणार आहे, हे सावकाश वाचून दाखवत असतो.